शेवटचा गावठी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पथकातल्या कोणाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या अरविंदकाकांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या रविवारच्या सरावापासून ते सारखं आठवतंय, म्हणूनही असेल.

आधी काकांबद्दल सांगते. माझ्या या देशातल्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे झालं. काका मूळचे सोलापूरचे, भूलतज्ज्ञ, इथल्या हॉस्पिटलांत हयात घालवून निवृत्त झालेले. मी स्टेट कॉलेजला शिकले आणि नोकरीसाठी अ‍ॅशबर्नला आले, तेव्हा इथे काळं कुत्रं माझ्या ओळखीचं नव्हतं. दिवसभर डेटा सेंटर आणि वीकएंडला कपडे धुणं. काकूंनी मला इंडियन ग्रोसरीत मेथी निवडताना गाठलं, माहेर कुठलं विचारलं, आणि नागपूर म्हणताच जेवायलाच घेऊन गेल्या. जेवणानंतर काकांनी गराजमध्ये नेऊन माझ्या कमरेला ढोल बांधला. टिपरू कसं धरायचं ते दाखवलं. लाटण्यासारखं घट्ट नको, पेनासारखं सैल नको. त्या दिवसापासून मी त्यांच्या ढोल-ताशा पथकात आहे.

दर उन्हाळ्यात काका आम्हाला ड्रम कोअर बघायला न्यायचे. हायस्कूलच्या मोठ्या स्टेडियममध्ये विशीतली मुलं ढोल, बिगुल आणि झेंडे घेऊन मैदानभर चालत वाजवतात. काका हा प्रकार इथे आल्यापासून बघत आलेले. तेव्हा म्हणे ही मुलं लष्करी थाटाचे गणवेश घालायची, सरळ रांगेत चालायची, घरोघरी ठाऊक असलेल्या चाली वाजवायची, आणि शेवटी असा काही दणका द्यायची की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. आता मैदानात जिने असतात, आरसे असतात. मुलं मधेच गवतावर लोळतात, स्पीकरमधून कोणीतरी कुजबुजतं, आणि चाल ओळखीची वाटते न वाटते तोच निसटते. एकदा पुढच्या रांगेतल्या पोराने बापाला विचारलं, “इज इट ओव्हर?” काका माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ! टाळ्या कधी वाजवायच्या हे माणसाला कळायला नको का?”

मला मात्र तेच आवडलं होतं. मधेच सगळं थांबतं. एवढं मोठं मैदान, एवढी वाद्यं — आणि आवाज नाही. अंगावर काटा यायचा. घरी येताना आमचं कारमध्ये भांडण ठरलेलं. मी म्हणायची, काका, ही कला आहे. काका म्हणायचे, “माणसांना झोपवायचं काम मी आयुष्यभर केलं, आता उठवायचं करू दे.” आणि मागच्या सीटवरून काकू ओरडायच्या, “दोघेही गप्प बसा, हायवेची एक्झिट गेली!”

आमचं पथकही तेव्हा उठवणाऱ्यांतलंच होतं. विसर्जनाच्या दिवशी एका शाळेच्या पार्किंगमध्ये आम्ही वाजवायचो. शेवट नेहमी गावठीने व्हायचा — साधा, पाय थिरकवणारा ताल. त्यात काकांची एक रीत होती. गावठी सुरू झाला की प्रत्येकाने आपला ढोल गर्दीतल्या कोणाच्या तरी कमरेला बांधायचा आणि स्वतः नाचायचं. काका तेवढे ढोल न सोडता मधे उभे. भारतातून आलेल्या सासवा वाजवायच्या, मराठीचा शब्द न बोलणारी पोरं वाजवायची. बेसूर, बेताल, भन्नाट. नवीन आलेल्या कितीतरी जणांना त्या गावठीत माणसं मिळाली. मलाही मिळाली.

पुढे काकांनी पथक माझ्या हाती दिलं. खुशीने दिलं. आणि मी ते बदलायला घेतलं — रचना बसवल्या, ध्वजांच्या हालचाली बसवल्या, आणि शेवट असा बसवला की सगळे ढोल एकदम थांबतात, एकच झांज वाजते, तीही विरते, आणि मग शांतता. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आजही म्हणते. काकांनीही ती सरावात ऐकली होती. पण त्या शांततेनंतर गावठी? श्रीखंडावर लोणचं वाढल्यासारखं झालं असतं. शिवाय काकांचा हात आता तालाच्या पुढे पळायचा. गावठीत ते खपून जायचं, रचनेत नाही. म्हणजे गावठी गेला की काकाही वादनातून गेले. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. काका, मला शेवट शांत हवाय. ते भांडले असते, एखादी एक्झिट चुकली असती, बस. मी ते बोलले नाही. मी फोन करून त्यांना सांगितलं की शाळेशेजारच्या घरांतून आवाजाची तक्रार गेलीय, काउंटीने, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाने, शेवटचा गावठी बंद करायला सांगितलाय.

खोटं होतं. पूर्ण खोटं.

एवढंच असतं तर कदाचित मी ते पचवलं असतं. पण काका कसले गप्प बसतात? शेजाऱ्यांना आपला त्रास झाला याचंच त्यांना वाईट वाटलं. काकूंनी बेसनाचे लाडू वळले. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्यांनी मला ड्राइव्ह करायला बोलावलं. आणि मी गेले! झालेल्याच नाहीत अशा तक्रारींची माफी मागायला मी त्यांना घरोघरी फिरवलं. लाडवांचा डबा माझ्या हातात होता. काका दार वाजवायचे, वाकून सॉरी म्हणायचे, आणि दारातला माणूस गोंधळून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायचा.

शेवटच्या घरात पांढऱ्या केसांची एक बाई होती. तरुणपणी ती ड्रम कोअरमध्ये बिगुल वाजवायची. दोघं जुन्या गणवेशांबद्दल बोलत बसली, आणि मी डबा घेऊन उभी. मग ती म्हणाली, तक्रार? या रस्त्यावर कोण करणार तक्रार? मी तर त्या दिवशी बाहेर खुर्ची टाकून बसते. शेवटी सगळे नाचतात ना, त्याची वाट बघत.

काका कारमध्ये येऊन बसले. सीटबेल्ट लावला. मी गाडी सुरू केली. त्यांचं घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, “तुझा तो शांत शेवट छान आहे गं. तोच ठेव.”

बस, एवढंच. मी तेव्हाही बोलले नाही. तोंड उघडायला काय झालं होतं मला?

त्या वर्षी काका गर्दीत उभे होते, त्या बाईच्या खुर्चीशेजारी, ढोलाशिवाय. झांज विरली आणि मला धडकी भरली, कारण आमची गर्दी — ती थोडीच गप्प बसणार? तेवढ्यात मला काका दिसले. ओठांवर बोट ठेवून ते आजूबाजूच्या पोरांना, काकूंना, सगळ्यांना गप्प करत होते. टाळ्यांसाठी उठलेला एक हात त्यांनी हळूच धरून खाली केला. माझी पहिली शांतता त्यांनी सांभाळली. त्यानंतर आम्हाला दूरदूरहून, अगदी देशी माणसांनी गजबजलेल्या एडिसनहूनही बोलावणी आली, आणि लोक मला विचारतात, हा शेवट कसा जमला? मी सांगते, सरावाने.

काका-काकू आता मुलीकडे अ‍ॅरिझोनाला असतात. विसर्जनाच्या दिवशी त्यांचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न तोच असतो, “धरली का लोकांनी शांतता?” मी हो म्हणते. त्यांना खरा आनंद होतो, आवाजातच कळतो. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाच्या हाताखाली मी शिकले. मी किती भाग्यवान, ते मला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी पथकातल्या एका नव्या मुलीने विचारलं, “ताई, आपण गावठी का नाही वाजवत?” माझ्याआधी दुसरीनेच उत्तर दिलं, “नेबर्सनी कम्प्लेंट केली होती यार, काउंटीने बंद केला.” मी ढोलाची दोरी आवळत होते. आवळत राहिले.

त्या रस्त्यावरच्या कोणीही, कधीही, तक्रार केलेली नव्हती. ती बाई अजूनही दर वर्षी खुर्ची टाकून बसते.