वरच्या ओठावरचा मध

मुलांनो, तुम्ही रोज फोनवर विचारता, "आजोबा जेवले का?" आणि मी "हो" म्हणते. सुट्टीत याल तेव्हा त्यांच्या ताटासमोर दचकू नये, म्हणून आज खरं ते लिहिते.

पक्षाघातानंतर जीभ त्यांचं ऐकत नाही. घोट चुकला तर श्वासनलिकेत जातो, म्हणून पाणीसुद्धा दाट करून चमच्यानं द्यावं लागतं. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी मुलगी सकाळी येते आणि त्यांच्या वरच्या ओठाला मध लावते. "आजोबा, जिभेनं पुसा बघू." जीभ दातांपर्यंत येते आणि थांबते. समोर बसलेल्या माझी जीभ मात्र माझ्याच ओठावरून फिरून येते.

"आजी, तुमचा व्यायाम छान झाला हं!" ती हसते.

बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसंच हे. पण दुसऱ्याचा घास कुणालाच गिळता येत नाही.

काल पेज भरवताना त्यांनी तोंड वाकडं केलं. मी घाबरले. "अहो, ठसका लागला का?" त्यांनी मान हलवली आणि मिठाच्या बरणीकडे पाहिलं. मी पेज चाखली. मीठ घालायचं राहिलं होतं.

त्यांची चव अजून शाबूत आहे.