उर्दू पेपरातली खबर

वाघमारे भाऊसाहेब तहसिलीत कारकून. पण टीव्हीवरच्या गुप्तहेराच्या मालिकेत पुढे काय होणार हे विचारायला उदगिरात त्यांच्याशिवाय माणूस नव्हता. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात ते आधी मराठी पेपर उघडत, मग हिंदी, शेवटी हैदराबादहून येणारा उर्दू. नटाच्या, दिग्दर्शकाच्या मुलाखती वाचून निकाल देत, "मराठीवाला म्हनतोय, हेर मरतंय. उर्दूवाला म्हनतोय, घरी येतंय. आपुन उर्दूवाल्याच्या बाजूनं हाय." आमचा चहा गार व्हायचा.

लातूर जिल्हा नवा होता. कचेरीतल्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिणं चालू होतं आणि पाऊस दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता.

मी त्यांच्या शेजारी राहायचो. मालिका बघायला आम्ही सारे त्यांच्याच घरी जमायचो. त्यांच्या आईला ऐकू कमी यायचं, दिसायचं धूसर. भाऊसाहेब तिच्या कानाशी बसून प्रत्येक संवाद ओरडून सांगत. ही त्यांची हौस समजून आम्ही हसायचो. खरं कारण उशिरा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ, भीमा, आधीच्या मोठ्या दुष्काळात कामाला म्हणून गेला, त्याची चिठ्ठी नाही की निरोप नाही. मालिकेतल्या हेरासारखंच भीमालाही घरी कळवता येत नसेल, हे म्हातारीला पटलं होतं. भाऊसाहेब म्हणायचे, "न कळवनारं मानूस वाईटच असतंय, असं न्हाई."

शेवटच्या भागात हेर सरहद्दीवर गोळी लागून पडला. आईनं विचारलं, "काय झालं रं?" भाऊसाहेबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तिच्या कानात ओरडले, "आला, आई! घरी आला!" मी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या पाण्यातली एक घागर म्हातारी झाकून बाजूला ठेवू लागली. "भीमा येतंय. पाय धुवाया पानी लागंल का न्हाई?" स्वतः मात्र दिवसभर घोटभर पाण्यावर राहायची. मी भाऊसाहेबांना म्हटलं, खरं सांगून टाका. ते म्हणाले, "कसं सांगू? एकदा घरी आनलाव, आता पुन्हा मारू का त्येला?"

वैशाखात म्हातारी अंथरुणाला खिळली. त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरात ओली म्हणावी अशी ती एक घागरच. भाऊसाहेबांनी त्यातून वाटी भरली आणि तिच्या ओठांशी नेली. तिनं ओठ घट्ट मिटले, हातानं वाटी बाजूला सारली. "ते नको. त्येचं हाय."

माझ्याही घरी थेंब नव्हता. मी पलीकडच्या गल्लीतून तांब्याभर पाणी मागून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊसाहेब वाटी हातात धरून बसले होते आणि आईच्या कानाशी वाकून ओरडत होते, "न्हाई आला गं आई, न्हाई आला! पी!"