गालातली गोळी

गांगुर्डेमॅडम बायकांच्या डॉक्टर, पण जीभ बघायच्या ती पुरुषांची. नाशिकरोडच्या त्यांच्या दवाखान्यात जीभ दाखवून गेलेले नवरे एका रांगेत उभे केले, तर शेपूट इगतपुरीच्या बोगद्यात शिरेल. बायकोच्या ओटीपोटात जंतुसंसर्ग निघाला की बहुतेकदा गोळ्या नवऱ्यालाही. नाहीतर ती बरी होणार आणि हा पुन्हा देणार. बायको इंजेक्शनला येईल तेव्हा त्याने सोबत यायचं, समोर गिळायची, जीभ बाहेर काढायची, मग घरी.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. माझ्या बॅगेतलं नवं अँटिबायोटिक असं जालीम, की नुसतं झाकण उघडलं तर जंतू सटाण्यापर्यंत पळत सुटावेत. मॅडम शांतपणे ऐकायच्या. "तुमची तोफ राहू द्या बॅगेत. रोज उडवली तर खऱ्या लढाईला फुसकी निघेल." एकाच गोळीवर भागवणाऱ्या डॉक्टरांवर मात्र उखडायच्या. "आत टोळी असते हो. एक चोर धरून घर वाचतं का?" म्हणून औषधं दोन-तीन प्रकारची, आणि दुखणं थांबलं तरी पूर्ण दोन आठवडे.

सायखेड्याची वैशाली तिसऱ्यांदा आली तेव्हा मी बाकावर होतो. नवी सून, मूल हवं म्हणून जीव टांगणीला. आधी दोनदा बरी होऊन गेलेली. आता तापाने फणफणलेली, पोट फळीसारखं कडक.

"म्या समद्या गोळ्या खाल्ल्या मॅडम, तुमच्याच म्होरं," नवरा म्हणाला. खरं होतं. त्याची जीभ मीही पाहिली होती.

आत पुवाची गाठ फुटली होती. पोर वाचली, गर्भाशय गेलं. मॅडम हे सांगायला बाहेर आल्या, तेव्हा नवऱ्याने गालातली तंबाखू दारातल्या जास्वंदीच्या कुंडीत थुंकली. मॅडम कुंडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोटाने माती उकरली. अर्धवट विरघळलेल्या गोळ्या निघाल्या.

"जीभ बघत बसले," त्या म्हणाल्या. "गाल राहिला."

वैशालीला वांझ ठरवून त्याने सोडचिठ्ठी दिली आणि पुढच्या वर्षी नवी नवरी घेऊन आला. तिचंही ओटीपोट दुखत होतं. त्या दिवशीही मी बाकावर होतो.

मॅडमनी गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला नवरीच्या हाती दिला. "याच्या गालात बोट घालून बघायचं. रोज. लाजलीस तर संपलीस."

नवरी लाजली. पदरात तोंड लपवून हसली.

गोळी तोंडात टाकून, जीभ दाखवून तो निघाला आणि दारात सवयीने उजवीकडे वळला. कुंडी केव्हाच हलवली होती. फरशीवर तिचा गोल डाग तेवढा उरला होता. त्या डागापाशी तो ओठ मिटून उभा राहिला.

मागून मॅडमचा आवाज आला, अगदी हळू.

"गिळ."