परबबाईंचा नेम

आमच्या चाळीतल्या बायकांना बरीच वर्षं वाटत होतं की परबबाई कसलंतरी व्रत करतात. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की त्या दारातूनच सांगत, "संध्याकाळी नाही जमणार गं, माझा नेम असतो." कुणी खोदून विचारलं, "कुठल्या देवाचा?" तर म्हणत, "देवाचा नाही, रायफलचा." बाई थट्टा करताहेत असं समजून बायका हसत परत जात.

थट्टा नव्हती. लोअर परळला बंद पडलेल्या एका शाळेच्या तळमजल्यावर सरकारने लोकांसाठी नेमबाजीचं केंद्र काढलं होतं. लांबट हॉल, एका टोकाला कागदी लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला टेबल आणि चार जुन्या एअर रायफली. छर्रे, कागद, वीज, सगळं दरवर्षीच्या अनुदानातून येई. बाई कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी शिकल्या होत्या. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या इथे शिकवू लागल्या, मोबदला न घेता.

मी ग्रंथालयात काम करते. वडील गेले त्या वर्षी संध्याकाळी घरी जावंसं वाटेना, म्हणून एकदा बाईंच्या मागोमाग गेले. का आलीस, हे त्यांनी विचारलं नाही. रायफल माझ्या खांद्याला टेकवून त्या म्हणाल्या, "श्वास अर्धा सोड, अर्धा राहू दे."

"नळी हलतेय, बाई."

"हलणारच. जिवंत आहेस ना? नाहीच जमलं तर खाली घे. उडवलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

त्या संध्याकाळी मी एकही छर्रा उडवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिथे येणारे बहुतेक असेच होते. परळच्या रुग्णालयातल्या लतासिस्टर रात्रपाळीला जाण्याआधी अर्धा तास येत. टॅक्सीवाले महाडिक म्हणत, "दिवसभर आरशात बघून मान मोडते. इथे एकदाचं सरळ बघायला मिळतं." यांतल्या कुणालाही स्पर्धेत उतरायचं नव्हतं, आणि तीच पुढे अडचण झाली.

क्रीडा खात्याचं धोरण बदललं. अनुदान यापुढे पदकं आणणाऱ्या केंद्रांना मिळणार होतं. पाहणीला आलेला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने विचारलं, "मॅडम, पदकं किती आहेत?"

"एकही नाही."

"मग संध्याकाळची वेळ निवडक मुलांना द्या. सर्वसामान्यांसाठी बंद करा. मी शिफारस करतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट्ससुद्धा मिळतील."

केंद्राच्या समितीचे सचिव तावडे बाईंच्या शेजारी उभे होते. व्यवहारी, पण मनाने चांगला माणूस. ते हळूच म्हणाले, "बाई, आता हो म्हणा. एकदा अनुदान येऊ दे, मग बघू."

"मग काय बघणार, तावडे? लतासिस्टरना मागच्या दाराने आत घेणार?" असं म्हणून बाई अधिकाऱ्याकडे वळल्या. "मुलांना अवश्य शिकवा. सकाळ रिकामी आहे, दुपार रिकामी आहे. पण पाटीवर 'सार्वजनिक' हा शब्द तुमच्याच खात्याने लिहिलाय. तो पुसायचा तर तुम्ही पुसा. मी नाही पुसणार."

त्याने सगळं टिपून घेतलं, चहा घेतला आणि नमस्कार करून गेला. त्या वर्षीपासून अनुदान थांबलं. हॉल तेवढा राहिला. काही महिन्यांत छर्रे संपले. मला वाटलं, आता कुलूपच लागणार. बाईंनी कोरडा सराव सुरू केला. रिकामी रायफल उचलायची, नेम धरायचा, श्वास सांभाळायचा आणि चाप न ओढता खाली ठेवायची. महाडिक म्हणाले, "बाई, ही कसली नेमबाजी? लग्नाला गेलो नि न जेवता आलो." बाई म्हणाल्या, "छर्रे सरकारचे होते, महाडिक. नेम आपला आहे." महाडिक कुरकुरले, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. दोन वर्षं आम्ही भिंतीवरच्या त्याच जुन्या कागदांवर नेम धरत होतो.

मग बाई आजारी पडल्या आणि त्या आजारातून घरी परतल्या नाहीत. त्या लतासिस्टरांच्याच रुग्णालयात होत्या, तेव्हाच समितीने खात्याच्या अटी मान्य केल्या. हे आपणच सांगितलं पाहिजे असं तावड्यांना वाटलं. आम्ही दोघं भेटायला गेलो. अनुदान मंजूर झालं, नव्या रायफली येणार, पहिल्या तुकडीत बारा मुलं आहेत, असं ते उत्साहाने सांगत राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि बाकीच्यांसाठी दार किती वाजता उघडणार?"

तावडे म्हणाले, "तेही पुढेमागे बघू."

"बरं," बाई म्हणाल्या.

केंद्रात कुणाचा छर्रा कागदाच्या पार बाहेर गेला की त्या रागवत नसत. फक्त एवढंच म्हणत, "बरं."

जिना उतरताना तावडे मला म्हणाले, "मला धाकधूक होती. पण बाईंना पटलं म्हणायचं."

खाली लतासिस्टर पाळीवर येत होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"'बरं' म्हणाल्या," मी सांगितलं.