तुम्ही विचारता का, आजी?

वसुधा सिस्टर चालताना पावलांचा आवाज होऊ देत नसे. गेल्या वर्षी बडोद्याला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डात मी तिला प्रथम पाहिलं. दुपारी दोनला पाळी बदलताना सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची माहिती देते. इन्चार्ज हंसाबेननी माझी माहिती खिडकीकडे बघत सांगितली, तीही अर्धीच, आणि त्या निघून गेल्या. पलंगाच्या पायथ्याशी एक सडपातळ मुलगी वही घेऊन उभी होती. भुलीचा अंमल असेल, मला भास होतोय, असं वाटलं.

मग ती बोलली. "आजी, कोणतं औषध तुम्हाला चालत नाही, ते तुम्हीच सांगा."

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली वसुधा जाधव. हंसाबेनच्या हातून चुकलेला एक डोस तिने वॉर्डच्या वहीत नोंदवला होता. तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ती जवळून गेली तरी कुणाची मान वळत नसे. चहा यायचा, तोही तिला वगळून. "आताशा घरी आईने हाक मारली की दचकते," ती म्हणाली, अगदी सहज.

चौथ्या दिवशी समोरच्या पलंगावरच्या सविताबेन गुंगीत होत्या. त्यांना इन्सुलिन दिलंय की नाही, कागदावर नोंद नव्हती. दुसऱ्यांदा दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं. वसुधाने हंसाबेनना दोनदा विचारलं. तिच्या आरपार बघत त्यांनी आयाला पंखा कमी करायला सांगितलं. वसुधा माझ्याकडे आली.

"तुम्ही विचारता का, आजी?"

मी विचारलं. "हा बा, बार वागे आपी दीधुं," हंसाबेन लगेच गोड हसून म्हणाल्या. बाराला दिलं होतं तर. पुढे रोज मीच विचारू लागले.

आठवड्याने मेट्रन आल्या. वसुधा पेशंटची माहितीच घेत नाही, अशी हंसाबेनची तक्रार होती. हिला खरंच कुणी काही सांगत नाही का, तुम्ही पाहिलंय का, असं मेट्रननी मला विचारलं. हंसाबेन माझी उशी नीट करत होत्या. त्यांचा दुसरा हात माझ्या टाक्यांवर हलकेच टेकला होता. मला अजून पाच दिवस तिथे काढायचे होते.

मी म्हणाले, "मी गुंगीत असते. माझं लक्ष नव्हतं."

वसुधा तिथेच उभी होती. त्या दुपारी तिने माझं ड्रेसिंग नेहमीसारखं हळुवार केलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. वसुधा सिस्टर कुठे आहे, असं मी विचारलं, तर हंसाबेननी चादर ताणत शांतपणे मलाच विचारलं, "कोण वसुधा, बा?"

चिन्मय, ईरा, माझ्या नातवंडांनो, तिथे वसुधा जाधव नावाची सिस्टर होती. मी तिला रोज पाहिलं होतं.