बंद खोल्यांचं मीटर

माणसाजवळ किस्से कसे साठतात ते मला सांगता येणार नाही. माझ्याजवळ ते चाव्यांबरोबर आले. कोणी बदलापूरला गेलं, कोणी विरारला, कोणी खारघरला. जाताना प्रत्येकाने खोलीची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हटलं, "दत्तूकाका, जरा बघा हं." आता चाव्यांचा जुडगा एवढा झालाय की खिशात घातला तर लेंगा एका बाजूला ओघळतो. आणि एकही चावी अशी नाही की जिला किस्सा चिकटलेला नाही. सांगायला मला वेळ लागतो, कारण मी बोलतोच हळू. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो."

आमची चाळ भोईवाड्यातली, पागडीची. म्हणजे आजोबा-पणजोबांनी मालकाला एकदा मोठी रक्कम दिली आणि खोली घेतली. भिंती मालकाच्या, राहणं आमचं. भाडं इतकं थोडं की त्यात हिंदमाताच्या बाजारात धड टॉवेल मिळणार नाही. जुन्या कायद्यामुळे मालक भाडेकरूला सहज काढू शकत नाही. पण त्यात एक मेख आहे. कारण नसताना खोली बरेच महिने बंद राहिली, तर मालक कोर्टात जाऊन ती परत मागू शकतो.

म्हणून मी. हॉस्पिटलच्या लाँड्रीतून रिटायर झालो तेव्हापासून रोज संध्याकाळी बंद खोल्या उघडतो. दिवा लावतो, पंखा फिरवतो, थोडा वेळ बसतो आणि कुलूप लावून पुढच्या खोलीत जातो. लाइटच्या बिलात काहीतरी दिसलं पाहिजे. आमच्याकडे याला 'मीटर फिरवणं' म्हणतात.

* * *

नुसता दिवा पुरत नाही, असं सावंतांच्या धाकट्याचं म्हणणं. घर नांदतं दिसलं पाहिजे. त्याने विरारला जाताना एक निळा चौकड्यांचा शर्ट ठेवला. "काका, सोमवारी गॅलरीत वाळत घालायचा, मंगळवारी काढायचा."

मी लाँड्रीतला माणूस. कोरडा कपडा वाळत घालणं माझ्या जिवावर यायचं. मी तो आधी धुवायचो, मग घालायचो.

आमचे मालक म्हणजे शेठ, त्यांचे मेहताजी प्रवीणभाई. भाडं गोळा करायचं आणि कोण राहतं, कोण राहत नाही यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. माझ्याच वयाचे, अर्धं आयुष्य आमचे जिने चढण्यात गेलं. एके दिवशी ते त्या शर्टाखाली उभे राहिले. कॉलर उलटून पाहिली.

"दत्तूभाई, सावंत कामावर जातात ना?"

"जातात."

"उन्हातून फिरतात?"

"फिरत असतील."

"मग दोन वर्षं झाली, या शर्टाला घाम का येत नाही?"

* * *

खोटं बोलायला तोंड पटापट चालावं लागतं. माझं चालत नाही.

एकदा कदमांच्या खोलीत पंखा लावून बसलो होतो. दार लोटलेलं. वाऱ्याने डोळा लागला. एवढ्यात कडी वाजली आणि प्रवीणभाईंचा आवाज आला, "कोण आहे आत?"

मी दचकून जागा झालो आणि तोंडातून निघून गेलं, "कोणी नाही."

प्रवीणभाई म्हणाले, "ठीक आहे. कोणी आलं की सांगा, मी येऊन गेलो."

* * *

पण ज्या चावीपायी जीव टांगणीला लागला, ती फिलूबायची. फिलोमिना तिचं नाव. तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. फोर्टात टायपिस्ट होती. नवरा लवकर गेला, एकटीने मुलगा वाढवला, मेल्विन. माझी बायको गेली तेव्हा तेराव्यापर्यंतचं जेवण तिच्या घरून आलं. आणि ते शिजवण्याआधी तिने मासळीचं एकेक भांडं घराबाहेर काढून ठेवलं होतं. मी सांगितलं नव्हतं.

तिच्या दारात कोणीही उभं राहिलं, पोस्टमन असो की फादर, आतून एकच वाक्य यायचं, "चपला बाहेर काढ रे, आत्ताच लादी पुसलीय."

त्याच लादीवर ती घसरली. मांडीचं हाड मोडलं. मेल्विनने तिला मीरा रोडला नेलं, कारण त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. डॉक्टर म्हणाले, आता जिने विसरा.

जाताना तिने मला चावी दिली. "दत्ता, देवापुढे, आल्तारवर रोज मेणबत्ती लावायची. मी परत येणार आहे."

तेव्हापासून रोज सात वाजता तिचा फोन. माझ्या मुलीने फोनचा आवाज स्पीकरवर टाकून दिलाय. मला फोनवर कमी ऐकू येतं आणि तो स्पीकर बंद कसा करायचा ते माहीत नाही. त्यामुळे आमचं बोलणं आख्खा मजला ऐकतो.

"लावलीस?"

"लावली."

"बघ, पडद्याला लागेल."

झालं. एवढंच बोलणं.

* * *

मेल्विनचं मीरा रोडचं घर अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटचं. तिथला मालक तरुण, शिकलेला. कागदावर लिहून घेतलंय, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे घड्याळ फ्रिजवर आणि येशूची तसबीर खुर्चीवर. पाहुणा आला की आधी तसबीर उचलायची, मग त्याला बसवायचं.

फिलूबायला ते सहन होईना. एका संध्याकाळी फोनवर म्हणाली, "माझ्या खोलीत मी भिंत दिसणार नाही एवढे खिळे ठोकलेत. एका मालकाची हिंमत झाली नाही बोलायची."

नेमके गॅलरीतून प्रवीणभाई चालले होते. थांबले. उघड्या दारातून फोनच्या दिशेने म्हणाले, "म्हणून तर बिल्डिंग पडायला आली, बाई."

"शेठला सांग, ती खिळ्यांनीच धरलीय."

प्रवीणभाई हसले. पण जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई इथे नाहीत, हे आता मला माहीत झालं, दत्तूभाई. शेठचा हुकूम आहे, बंद खोली दिसली की सांगायचं."

त्या संध्याकाळी मी दोन खोल्यांचे पंखे बंद करायला विसरलो.

* * *

मग बातमी उठली की कायदा बदलणार. बबन शिरोडकर आमच्या भाडेकरू कमिटीचा सेक्रेटरी. त्याच्या फोनवर रोज नवं काहीतरी यायचं. सकाळी यायचं पागडी बंद, दुपारी यायचं पागडीवाल्यांना मालकी, संध्याकाळी यायचं आधीचे दोन्ही मेसेज खोटे. बबन तिन्ही तेवढ्याच जोरात वाचायचा. माणसं गॅलरीत येरझारा घालू लागली. जेवताना उठून खाली डोकवायची, कोणी आलं का बघायला.

कोणीतरी सांगितलं, बंद खोल्या आधी जाणार. त्या रविवारी बदलापूर, विरार, खारघर सगळं चाळीत हजर. गाद्या, सिलिंडर, मिक्सर. नळावर रांग लागली. एवढी माणसं आपल्या पोटात आहेत हे चाळीलाच ठाऊक नव्हतं.

सावंतांच्या खोलीत धाकटा वळकटी सोडत होता, तोच थोरला वळकटी घेऊन दारात. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

थोरला म्हणाला, "तू खंयसून इलंस?"

"मी खंयसून येतलंय? मी हयच रवतंय."

"मगे मी काय पावणो आसंय?"

दोघांनी मला साक्षीला बोलावलं. "काका, तुम्हीच सांगा, इथे कोण राहतं?"

मी विचार करून सांगितलं, "शर्ट."

कोणीच खोली सोडेना. शेवटी दोन्ही वळकट्या शेजारी शेजारी पसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एका ताटात दोघं उसळ-पाव खात होते आणि बबनला शिव्या देत होते.

* * *

पंधरवड्याने धनसुखशेठ स्वतः आले. गुडघे धरून, प्रत्येक जिन्यावर बसत. गॅलरीत खुर्ची दिली. म्हणाले, चाळ पाडून नवी बांधायचं ठरलंय. बिल्डरच्या ऑफिसातून एक मॅडम येतील, खोलीत कोण आहे ते डोळ्यांनी बघतील आणि लिहून घेतील. ज्याचं नाव लिहिलं, त्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर.

कोणीतरी विचारलं, "लिफ्ट असणार?"

"असणारच."

माझ्या डोळ्यांपुढे फिलूबाय उभी राहिली. नाव लिहिलं गेलं तर ती लिफ्टने घरी येणार. नाही गेलं तर उरलेलं आयुष्य तसबीर खुर्चीवर. तिचं आजारपण खरं होतं, कोर्टात मांडता आलं असतं. पण त्यासाठी वकील लागतो, आणि तिच्याजवळ मी होतो.

बबन तावातावाने उठला. "शेठ, कायदा बदलला की तुमची चांदी. आमच्यासारखा भाडेकरू होऊन बघा एकदा."

शेठ म्हणाले, "अरे, मी भाडेकरूच आहे. गिरगावला पागडीच्या दोन खोल्या. तिथला मालक मला असाच पिडतो. माझी सकाळ मालकाची जाते आणि संध्याकाळ भाडेकरूची. कायद्याची बातमी आली की मला कळत नाही, पेढे आणू की बाम."

सगळे हसले. बबनसुद्धा बसला.

उतरताना शेठनी माझा हात धरला. एक जिना उतरून थांबले. आजूबाजूला बघितलं. "दत्तूभाई, मुलाने कांदिवलीला फ्लॅट घेतलाय. मला तिकडे नेणार म्हणतो."

"बरं होईल. आराम मिळेल."

"हो. पण गिरगावची खोली बंद पडेल." त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या मुठीत ठेवलं. "आठवड्यातून एकदा जा. पंखा तीनवर ठेवा, जरा कुरकुरतो."

चावी अजून गरम होती.

* * *

मॅडम रविवारी येणार होत्या. मेल्विन टॅक्सी ठरवून, चार पोरं बोलावून, आईला खुर्चीत बसवून वर आणणार होता. फिलूबायने ठेवणीतला ड्रेससुद्धा इस्त्री करून घेतला होता.

मॅडम शुक्रवारी आल्या. न सांगता.

मला कळलं तेव्हा मी फिलूबायच्या खोलीत होतो. मेणबत्ती लावली होती. खालच्या मजल्यावर कड्या वाजताना ऐकू येत होत्या. मग जिन्यावर पावलं. मग शेजारचं दार. पळून जायचं तर गॅलरी एकच, आणि त्यातून मॅडम आणि त्यांना खोल्या दाखवणारे प्रवीणभाई येत होते. मी दार लोटून घेतलं आणि आतच उभा राहिलो.

कडी वाजली.

"कोण आहे आत?" प्रवीणभाईंचाच आवाज.

मागच्या वेळी जे उत्तर दिलं होतं ते जिभेवर आलं. ते गिळलं. दुसरं सुचेना.

पुन्हा कडी वाजली. त्याच वेळी हातातला फोनही वाजला. सात झाले होते. मी सवयीने हिरवं बटण दाबलं. तिसऱ्यांदा कडी वाजली, या वेळी जोरात, आणि फोनमधून आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा फिलूबायचा आवाज आला.

"कोण रे तो दारात? चपला बाहेर काढायला सांग. आत्ताच लादी पुसलीय."

कडी वाजायची थांबली.

मग मॅडमचा आवाज. "या कोण?"

"इथल्या बाई," प्रवीणभाई म्हणाले. "फिलोमिना. लिहा."

"मला बघून लिहायचंय."

"लादी ओली आहे मॅडम. बाईंचं हाड याच लादीवर मोडलं. तुम्ही घसरलात तर मी शेठला काय सांगू?"

बोटाने टॅबवर टकटक केल्याचं ऐकू आलं. मग पावलं वळली.

फोनमध्ये फिलूबाय विचारत होती, "गेला का रे तो? लावलीस मेणबत्ती?"

मी दार बोटभर उघडून बघितलं. गॅलरीच्या टोकाला मॅडम जिना उतरू लागल्या होत्या. त्यांच्या मागे प्रवीणभाई चालले होते, अनवाणी, चपला हातात धरून.