क्रोनसचा दगड आणि माझा वरवंटा

विमानतळांवरची तपासणी एकदम कडक झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. मुंबईच्या काउंटरवरच माझ्या हातपिशवीतला वरवंटा अडला.

"काकू, दगड केबिनमध्ये चालणार नाही."

"दगड काय म्हणतेस गं? नातीच्या बारशाचा आहे तो," मी फणकारले. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, हे त्या मुलीला माहीत नसावं. शेवटी तो मोठ्या बॅगेत गेला. माझ्या लेकीला, अनघाला, आठव्याच महिन्यात मुलगी झाली होती आणि मी मिळेल त्या तिकिटावर निघाले होते.

बॉस्टनला कस्टम्सच्या बाईंनी नेमकी तीच बॅग उघडली. "फॉर बेबी," म्हणत मी गुलाबी कुंची दाखवली. त्या गोड हसल्या. "काँग्रॅच्युलेशन्स, ग्रँडमा!"

दाराबाहेर जावई नितीन एकटाच उभा होता. बाळ गेलं होतं. सहाव्या दिवशी, मी विमानात असताना.

बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत, अनघाच्या गावी, झाडं तेव्हा लालभडक झाली होती. मला त्यांचा राग यायचा. अनघा माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. हॉस्पिटलने फॉर्मवर बाळाचं नाव विचारलं, तेव्हा तिने मला फोन केला होता. मी ठणकावलं होतं, "बारशाआधी कसलं नाव? बारा दिवस थांबा की!" ती थांबली. कागदांवर शेवटपर्यंत 'बेबी गर्ल' एवढंच राहिलं.

शेजारी देशपांडे म्हणून निवृत्त डॉक्टर राहतात. तरुणपणी नागपूरहून आलेले, एकटे, ग्रीक पुराणांचे वेडे; अनघा त्यांना काका म्हणते. एका शनिवारी ते म्हणाले, "वहिनी, हिला घराबाहेर काढू. न्यूयॉर्कचं म्युझियम बघू." नितीन कामावर होता. आम्ही तिघं निघालो.

गाडीत ते रंगून सांगत होते. आकाश आणि पृथ्वी यांची बारा मुलं म्हणजे टायटन, थोरले देव. त्यांतला धाकटा क्रोनस बापाला हटवून राजा झाला. मग आपलीही मुलं आपल्याला हटवतील म्हणून घाबरला.

"म्हणजे कंसच की," मी म्हटलं.

"कंस मामा तरी होता, वहिनी. हा सख्खा बाप! रिया त्याची बायको. तिला मूल झालं की हा..." काकांनी आरशात पाहून जीभ चावली. मागे अनघा खिडकीबाहेर बघत होती. काकांनी घाईने वायपर चालू केले. त्या नादात काकांचं एक्झिट (हमरस्त्यावरून उतरायची वाट) चुकलं. रेस्ट एरियात (वाटेवरचा विसावा) मी दशम्या आणि बटाट्याची भाजी काढली. अनघाने अर्धी दशमी कागदात गुंडाळून ठेवली.

संग्रहालयात काका आम्हाला एका काळ्या मडक्यापाशी घेऊन गेले. त्यावर तांबूस रंगात एक बाई कापडात गुंडाळलेलं काहीतरी पुढे करते आहे. समोर दाढीवाला राजा. काका चाचरत म्हणाले, "पाच मुलं गेल्यावर सहाव्याला तिने लपवलं. झ्यूस त्याचं नाव. आणि नवऱ्याला गिळायला दगड दिला."

अनघा काचेजवळ गेली. "आई, हिने दगडाला कुंची घातलीय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू वरवंटा आणलायस ना? नितीनला बॅग उचलवेना, तेव्हाच मला कळलं."

"अनू, मी तेव्हा फोनवर..."

"हो. तूच थांबायला सांगितलंस."

ती 'नाही, तुझी चूक नव्हती' म्हणेल, अशी मला वेडी आशा होती.

परतताना तिने आपणहून विचारलं, "काका, मग त्या स्टोनचं काय झालं?"

"झ्यूसने मोठं होऊन बापाला सगळं ओकायला लावलं. आधी दगड बाहेर आला, मग भावंडं, जिवंत. तो दगड त्याने एका देवळाशी ठेवला. लोक रोज तेल घालायचे त्याला."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने माझी बॅग उघडली. बाळाचं न वापरलेलं तेल वरवंट्याला चोळलं, अगदी हलक्या हाताने. कुंची घातली. पाळणा नितीनने दुकानात परत दिला होता, म्हणून आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. तिने खालून दिला, मी वरून परत दिला. बारशाचे ठरलेले शब्द माझ्या तोंडून फुटेनात. आमचे हात मात्र चुकले नाहीत.

मग तिने वरवंटा छातीशी धरला, कुंचीशी ओठ नेले आणि नाव सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. ती किती दिवसांनी रडली, आणि मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिने मला दूर केलं नाही.

वरवंटा तिथेच राहिला. येताना बॅग कुणी उघडली नाही. घरी पाटा तसाच भिंतीला टेकून आहे; हे नवा वरवंटा आणू म्हणतात, मी नको म्हणते. त्या गोष्टीतल्या आईने दगड देऊन बाळ वाचवलं. मी बारा दिवसांच्या हट्टापायी नातीचं नावच गिळून बसले होते.

आल्या आल्या यांनी विचारलं होतं, "नाव काय ठरलं होतं गं?"

मी म्हटलं, "अनघाला माहीत आहे."